हार्मोन देऊन हार्मोन कसं थांबतं? पिट्यूटरीतल्या कॅल्शियमची पाणीपाळी

सात वर्षांच्या मुलीच्या छातीत गाठीसारखं काहीतरी हाताला लागतं, वर्षभरात तिची उंची भराभर वाढते, आणि आई धास्तावून तिला डॉक्टरांकडे नेते. मुलींमध्ये आठव्या आणि मुलांमध्ये नवव्या वर्षाच्या आत वयात येण्याची लक्षणं दिसू लागली तर तपासणी करावी लागते. अलीकडे वर्तमानपत्रांतून याबद्दल वरचेवर वाचायला मिळतं. सगळ्याच मुलींना औषध लागत नाही. ज्यांना लागतं त्यांना बहुधा महिन्याने किंवा तीन महिन्यांनी घ्यायचं एक इंजेक्शन देतात. आई घरी येऊन त्या औषधाची माहिती वाचते आणि चक्रावून जाते. कारण मेंदूतून जो संदेश पिट्यूटरी ग्रंथीला ‘आता वयात यायचं’ असं सांगतो, त्याच संदेशाची ही नक्कल असते, आणि तीही मूळ संदेशापेक्षा जास्त ताकदीची.

मी शरीरक्रियाशास्त्र शिकवते, त्यामुळे नात्यागोत्यातले असे प्रश्न माझ्याकडे येतात. एका मावसबहिणीने फोनवर विचारलं होतं, “ताई, आग विझवायची म्हणून कुणी रॉकेल ओततं का गं?” प्रश्न रास्त होता, आणि मला तो दोन मिनिटांत नीट समजावता आला नाही.

दुसरं कोडं याहून घरगुती आहे. ॲसिडिटी आणि मळमळीसाठी आपल्याकडे सर्रास घेतल्या जाणाऱ्या काही गोळ्यांत पँटोप्रॅझोलच्या जोडीला डॉमपेरिडोन असतं. ते घेणाऱ्या काही बायकांची पाळी लांबते, क्वचित बाळ नसतानाही छातीतून दूध येतं. पोटाच्या गोळीचा छातीशी काय संबंध?

दोन्ही कोड्यांची उकल एकाच जागी होते. पिट्यूटरीच्या पेशीत कॅल्शियम किती वेळा शिरतं, किती वेळ टिकतं आणि मध्ये किती उसंत मिळते, यावर सगळं अवलंबून असतं.

वाटाण्याएवढी ग्रंथी

पिट्यूटरी, म्हणजे पाठ्यपुस्तकातली पीयूषिका ग्रंथी, मेंदूच्या तळाशी, नाकाच्या मुळामागे हाडाच्या एका खोबणीत बसलेली असते. आकार वाटाण्याएवढा, वजन साधारण अर्धा ग्रॅम. तिच्या पुढच्या भागात पाच प्रकारच्या पेशी दाटीवाटीने राहतात. एक प्रकार वाढीचं हार्मोन बनवतो, एक दूध आणणारं प्रोलॅक्टिन, एक थायरॉइडला चालना देणारं हार्मोन, एक मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथीला जागं करणारं. पाचवा प्रकार एलएच आणि एफएसएच ही जोडी बनवतो. अंडाशय आणि वृषण यांचं काम या जोडीवर चालतं.

या पेशींना हुकूम येतात ते वरच्या मजल्यावरून, हायपोथॅलॅमस या मेंदूच्या भागातून. दोघांमध्ये बारीक रक्तवाहिन्यांचा एक खासगी जिना आहे. त्यातून उतरणारे संदेश इतके थोडे असतात की ते ओळखण्यासाठी रोजे गियमां यांनी मेंढ्यांचे आणि अँड्र्यू शॅली यांनी डुकरांचे लाखो मेंदू गोळा केले. वर्षानुवर्षं ते एकमेकांचे कडवे प्रतिस्पर्धी होते. थायरॉइडच्या बाजूचा संदेश १९६९मध्ये उलगडला, प्रजननाचा १९७१मध्ये. १९७७च्या नोबेलमध्ये दोघांचाही वाटा होता. रक्तातली हार्मोन्स मोजण्याची पद्धत शोधणाऱ्या रोझलिन यॅलो त्यांच्यासोबत होत्या. प्रजननाच्या संदेशाचं नाव जीएनआरएच. अवघ्या दहा अमिनो आम्लांची माळ. आपल्या मुलीच्या इंजेक्शनात आहे ती याच माळेची नक्कल.

आत थेंब, बाहेर समुद्र

कॅल्शियम म्हटलं की आपल्याला हाडं आणि दूध आठवतं. पेशीच्या दृष्टीने मात्र कॅल्शियम म्हणजे निरोप. पेशीच्या बाहेरच्या द्रवात मोकळं कॅल्शियम जितकं असतं, त्याच्या सुमारे दहा हजारावा भाग पेशीच्या आत असतो. हा फरक आपोआप टिकत नाही. पेशी आपली ऊर्जा खर्चून, पंप चालवून, क्षणोक्षणी कॅल्शियम बाहेर उपसत असते. एवढा खर्च करण्यात शहाणपण आहे. आत सगळं कोरडं असेल तरच दोन थेंब आले तरी लक्षात येतं. ओल्याचिंब जमिनीवर कुणी तांब्याभर पाणी सांडलं तर कळणार कुणाला?

कॅल्शियमचं हे काम पहिल्यांदा लक्षात आलं ते जवळजवळ अपघाताने. १८८०च्या सुमारास लंडनमध्ये सिडनी रिंगर बेडकाचं हृदय मिठाच्या पाण्यात ठेवून प्रयोग करत होते. हृदय छान चालत होतं. पुढे कळलं की ते मीठ ऊर्ध्वपातित पाण्यात न कालवता नळाच्या पाण्यात कालवलं गेलं होतं. शुद्ध पाणी वापरलं तर हृदयाचे ठोके मंदावून थांबत. लंडनच्या नळाच्या जड पाण्यातलं कॅल्शियम ही त्यामागची गोम होती. १८८३मध्ये त्यांनी ते जाहीर केलं. १९६०च्या दशकात विल्यम डग्लस यांनी दाखवलं की ग्रंथींच्या पेशींतून हार्मोन बाहेर पडायलाही कॅल्शियमच लागतं. हार्मोन पेशीत सुटं नसतं, बारीक पिशव्यांत भरून ठेवलेलं असतं. कॅल्शियम वाढलं की या पिशव्या पेशीच्या कडेला जाऊन मिळतात आणि आतला माल बाहेर सांडतात.

म्हणजे पिट्यूटरीची पेशी हार्मोन कधी सोडणार, हा प्रश्न तिच्यात कॅल्शियम कधी वाढणार, या प्रश्नापाशी येऊन थांबतो.

दारं धरणं

माझं माहेर नीरा डाव्या कालव्यावरचं, म्हणून मला हे पाण्याच्या भाषेतच सुचतं. कालव्याला वर्षभर सारखं पाणी नसतं, आवर्तन सुटतं. पाटकऱ्याकडून, म्हणजे कालव्याचं पाणी वाटून देणाऱ्याकडून, पाळी ठरते, पाणी चारीत येतं, आणि रात्री-अपरात्री बॅटरी घेऊन घरातलं कुणीतरी दारं धरायला जातं. शहरातल्या वाचकांसाठी सांगते: मातीचा छोटा बांध फावड्याने फोडून एका सरीत पाणी घ्यायचं, ती भरली की ते दार बुजवून पुढचं फोडायचं, याला दारं धरणं म्हणतात.

पेशीच्या पटलावर कॅल्शियमची अशीच दारं असतात, प्रथिनांनी बनलेली. ती विजेच्या दाबावर उघडतात. शांत असताना पेशीचा आतला भाग बाहेरच्या मानाने सुमारे ५० ते ६० मिलिव्होल्ट ऋण असतो. हा ऋणभार थोडा कमी झाला की दारं उघडतात आणि कॅल्शियम आत घुसतं. लगेच पोटॅशियमची दारं उघडतात, पोटॅशियम बाहेर पडतं, ऋणभार पूर्ववत होतो आणि कॅल्शियमची दारं मिटतात. या एका उघडझापीला आपण ठोका म्हणू.

पिट्यूटरीच्या पेशींची खरी गंमत इथे आहे. ठोका द्यायला त्यांना कुणी सांगावं लागत नाही. १९७५मध्ये योशिआकी किडोकोरो यांनी उंदराच्या पिट्यूटरीतून प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींत कॅल्शियमचे ठोके नोंदवले. पुढे दिसलं की यातल्या अनेक पेशी, हृदयासारख्या, आपल्या आपणच धडधडत असतात. मला विद्यार्थ्यांना हे सांगताना अजूनही आनंद होतो, कारण पुस्तकातल्या बाणांच्या आकृतीत ग्रंथी नेहमी हुकमाची वाट पाहत बसलेली दाखवतात.

पण सगळ्यांची धडधड सारखी नसते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत स्टान्को स्टॉयिल्कोविच आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या पेशी शेजारी-शेजारी ठेवून तपासल्या. प्रोलॅक्टिनच्या आणि वाढीच्या हार्मोनच्या पेशींचा ठोका रुंद असतो. दार एकदा उघडलं की सेकंद-दोन सेकंद उघडंच राहतं. एलएच-एफएसएचच्या पेशींचा ठोका टोकदार, काही मिलिसेकंदांचा. दार उघडलं न उघडलं तोच मिटतं. पहिल्या प्रकारात घागरभर कॅल्शियम आत येतं, दुसऱ्यात चुळकाभर. त्यामुळे प्रोलॅक्टिनची पेशी कुणी न सांगताही हार्मोन सोडत राहते, आणि एलएचची पेशी धडधडते तरी हातचं काही सोडत नाही. पहिलीला लगाम लागतो, दुसरीला धक्का. आपली दोन्ही कोडी या एका फरकातून निघाली आहेत.

रिसेप्टर: निरोप घेणारा, पण आत न सोडणारा

हायपोथॅलॅमसचे हे संदेश पेशीच्या आत शिरत नाहीत. ते पटलावरच्या एका प्रथिनाला येऊन चिकटतात. त्याला रिसेप्टर म्हणतात, मराठीत ग्राही. त्याचं एक टोक बाहेर, एक आत. बाहेर संदेश बसला की आतलं टोक किंचित वळतं आणि तिथे टेकलेल्या जी-प्रथिनाला मोकळं करतं. पुढचं काम हे जी-प्रथिन करतं. या घराण्याच्या रिसेप्टरवरच्या कामासाठी रॉबर्ट लेफ्कोवित्झ आणि ब्रायन कोबिल्का यांना २०१२चं नोबेल मिळालं. आज वापरात असलेली पुष्कळ औषधं याच घराण्यावर काम करतात.

जी-प्रथिनं अनेक, पण इथे तीन पुरेत. एक दारं जास्त वेळा उघडायला लावतं: वाढीच्या हार्मोनच्या पेशीला वरून ‘सोड’ असा संदेश आला की असं होतं. दुसरं पोटॅशियमची दारं उघडून ठोकेच बंद पाडतं. तिसरं कालव्याकडे बघतसुद्धा नाही, सरळ विहिरीवर जातं.

कालवा आणि विहीर

पेशीच्या आत जाळ्यासारखी एक पोकळी असते, आंतर्द्रव्यजालिका. तिच्यात पेशीने कॅल्शियम साठवून ठेवलेलं असतं. बागायतदाराला कालवाही असतो आणि विहीरही असते, तसंच. कालव्याचं पाणी मुबलक, पण ते बाहेरून यावं लागतं. विहीर हाताशी, पण उपसा केला की तळ दिसतो.

जीएनआरएचचा रिसेप्टर तिसऱ्या प्रकारच्या जी-प्रथिनाला कामाला लावतो. त्यातून आयपी-थ्री नावाचा छोटा रेणू तयार होतो आणि तो विहिरीवरची झडप उघडतो. केंब्रिजचे मायकेल बेरिज आणि त्यांच्या जर्मन सहकाऱ्यांनी १९८३मध्ये स्वादुपिंडाच्या पेशींत हे दाखवलं. तोवर बाहेरचा निरोप आतल्या साठ्यापर्यंत पोहोचतो कसा, हे कोडंच होतं.

आता झडपेचा स्वभाव बघा. आजूबाजूला थोडं कॅल्शियम असेल तर ती आणखी उघडते. फार झालं तर मिटते. म्हणजे उपसा सुरू झाला की जोर धरतो, आणि जोर वाढला की स्वतःलाच थांबवतो. मग पंप सांडलेलं कॅल्शियम पुन्हा विहिरीत भरतात, पातळी उतरते, आयपी-थ्री तिथेच असतो, झडप पुन्हा उघडते. पेशीतलं कॅल्शियम दर काही सेकंदांनी उसळतं आणि ओसरतं. १९८५मध्ये रॉजर चेन आणि सहकाऱ्यांनी कॅल्शियमला चिकटल्यावर ज्याची चमक बदलते असा रंग तयार केल्यावर या लाटा जिवंत पेशीत डोळ्यांनी बघता आल्या.

जीएनआरएच वाढवलं तर काय होतं? लाट उंच होईल असं वाटतं. तसं फारसं होत नाही. उंची जवळपास तेवढीच राहते, लाटा जास्त वेळा येतात. ढोलकीवाल्याने जोरात न मारता लय वाढवावी तसं. मात्रा फारच वाढवली तर मात्र लय तुटते: एक मोठी उसळी येते आणि मग नुसता पठारासारखा सपाट भाग राहतो.

१९९०च्या दशकाच्या सुरुवातीला सिॲटलमध्ये बर्टिल हिल यांच्या प्रयोगशाळेत आणखी एक सुंदर गोष्ट दिसली. प्रत्येक लाटेबरोबर पोटॅशियमची काही दारं उघडतात आणि पेशीचा ऋणभार वाढतो. म्हणजे विहिरीचा उपसा चालू असताना कालव्याची दारं बंद. लाट ओसरली की ती दारं मिटतात आणि पेशी दोन-चार टोकदार ठोके देते. त्या ठोक्यांतून आलेलं चुळकाभर कॅल्शियम विहीर भरायला कामी येतं. हार्मोनच्या पिशव्याही याच लाटांच्या तालावर रिकाम्या होताना त्यांनी नोंदवल्या.

सतत पाणी दिलं तर काय होतं?

आता मावसबहिणीच्या प्रश्नाकडे. काही सेकंदांच्या या लाटा हे छोटं आवर्तन. त्याच्यावर एक मोठं आवर्तन असतं. हायपोथॅलॅमस जीएनआरएच सतत सोडत नाही. साधारण तास-दीड तासाने एक झोत येतो, आणि तो काही मिनिटांतच विरून जातो, कारण रक्तातली विकरं या दहा मण्यांच्या माळेचे चटकन तुकडे करतात.

पिट्सबर्गमध्ये अर्न्स्ट नोबिल यांच्या गटाने १९७८मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. ज्या माकडिणींचा स्वतःचा जीएनआरएच बंद पाडला होता, त्यांना तो बाहेरून दिला. दर तासाला सहा मिनिटं दिला, तेव्हा एलएच आणि एफएसएच पूर्ववत झाले. तोच संदेश अखंड दिला, तेव्हा दोन्ही घसरले. पुन्हा तासातासाने द्यायला लागल्यावर पुन्हा वर आले. संदेश तोच, पिट्यूटरी तीच. बदलली ती फक्त पाळी.

शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही. दोन पाण्यांच्या मध्ये जमीन वाफशावर यावी लागते. वाफसा म्हणजे ओल आहे, पण मातीच्या कणांमध्ये हवाही खेळते आहे, अशी अवस्था. सतत पाणी सोडलं तर मुळं गुदमरतात, पाणी असूनही पीक पिवळं पडतं. आमच्या पट्ट्यात जास्त पाण्याने चोपण झालेल्या जमिनी मी बघितल्या आहेत. पाण्याच्या कडेला उभी असलेली नापीक जमीन.

पेशीलाही वाफसा लागतो. जीएनआरएच सतत चिकटून राहिला तर पेशी आपले रिसेप्टर पटलावरून आत ओढून घेते. प्रयोगशाळेतल्या पेशींत विहिरीवरच्या झडपाही कमी झालेल्या दिसल्या आहेत. लाटा क्षीण होतात, आणि दिवसागणिक पेशी एलएच बनवणंही कमी करते. इंजेक्शनातल्या औषधात मूळ माळेतला सहावा मणी बदललेला असतो, त्यामुळे विकरांना ती सहज तोडता येत नाही. शिवाय ती एका साठ्यातून आठवडेच्या आठवडे झिरपत राहते. मधली उसंतच नाहीशी होते. रॉकेल ओतून आग विझत नाही हे खरं, पण इथे आग नव्हतीच. इथे तासातासाला दारावर पडणारी थाप होती, आणि औषधाने ती अखंड घणघणाट करून टाकली. मग घरातल्यांनी कानच बंद केले.

झोतांचा वेगही अर्थ घेऊन येतो. जलद झोत आले तर पेशी एलएचकडे कलते, संथ आले तर एफएसएचकडे. पीसीओएस, म्हणजे पाळी अनियमित करणारा हार्मोनचा एक विकार, असलेल्या अनेक मुलींच्या रक्तात एलएच चढं दिसतं, त्यामागे झोत नेहमीपेक्षा जलद पडणं हे एक महत्त्वाचं कारण आहे.

मग पहिल्या इंजेक्शननंतर उलट परिणाम का होतो?

हा आक्षेप खरा आहे. पहिल्या काही दिवसांत एलएच वाढतं. काही मुलींना पहिल्या इंजेक्शननंतर थोडा रक्तस्राव होतो. प्रोस्टेटच्या कर्करोगात हेच औषध टेस्टोस्टेरॉन उतरवायला देतात, तिथेही आधी टेस्टोस्टेरॉन चढतं, म्हणून डॉक्टर बऱ्याचदा सुरुवातीला दुसरं औषध जोडीला देतात.

बहुतेक रिसेप्टरांना आतल्या बाजूला एक शेपूट असते. फार वेळ संदेश आला की पेशी त्या शेपटीला धरून रिसेप्टर मिनिटांत बंद करते. माणसाच्या जीएनआरएच रिसेप्टरला ही शेपूटच नाही. त्यामुळे त्याला गप्प करण्याचं काम सावकाश, दिवसा-आठवड्यांच्या हिशेबाने होतं. तोवर पेशी नेकीने हुकूम पाळत राहते. पालकांना हे आधी सांगितलं तर पुष्कळ घरांतली घाबरगुंडी टळेल, असं मला मनापासून वाटतं.

पोटाची गोळी आणि छातीतलं दूध

आता लगामवाली पेशी. प्रोलॅक्टिनची पेशी रुंद ठोके देत स्वतःहून हार्मोन सोडत असते, हे आपण पाहिलं. १९५०च्या दशकातच उंदरांची पिट्यूटरी काढून मूत्रपिंडाच्या आवरणाखाली लावून बघितली होती. वरच्या मजल्याशी संबंध तुटला. बाकीची हार्मोन्स मंदावली, प्रोलॅक्टिन मात्र येतच राहिलं.

त्याला आवरणारा संदेश म्हणजे डोपामिन. डोपामिन म्हणजे आनंदाचं रसायन, एवढीच त्याची ओळख मोबाइलवर सगळीकडे फिरते. इथे त्याचं काम पाटकऱ्याचं आहे. तो रिसेप्टरवर बसला की पोटॅशियमची दारं उघडतात, ऋणभार वाढतो, ठोके थांबतात, कॅल्शियम उतरतं, पिशव्या जागच्या जागी राहतात. बाळ अंगावर पिऊ लागलं की आईच्या हायपोथॅलॅमसमधून येणारं डोपामिन कमी होतं, आणि पेशी पुन्हा आपल्या मूळ धडधडीवर येते. दूध बनवायचा हुकूम म्हणजे मुख्यतः थांबण्याचा हुकूम मागे घेणं.

डॉमपेरिडोन डोपामिनच्या रिसेप्टरवर जाऊन बसतं आणि डोपामिनला जागा देत नाही. जठराच्या बाबतीत ते हवंच असतं. रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडसर ओलांडून हे औषध मेंदूत फारसं शिरत नाही, म्हणून सुरक्षित वाटतं. पण पिट्यूटरी मेंदूला असलेल्या त्या अडसराच्या बाहेर आहे. तिथला लगाम सुटतो, प्रोलॅक्टिन चढतं आणि चढलेलं प्रोलॅक्टिन जीएनआरएचचे झोत मंदावतं; पाळी लांबते ती यामुळे. मेटोक्लोप्रमाइड आणि मानसिक आजारांवरची रिस्पेरिडोनसारखी औषधं यांचंही असंच. यातली मानसिक आजाराची औषधं वाचून कुणी आपल्या मनाने बंद करू नयेत, त्याचे परिणाम फार वाईट होऊ शकतात. पण प्रोलॅक्टिनचा रिपोर्ट वाढलेला आला, तर डॉक्टरांना आपल्या सगळ्या गोळ्या सांगा, ॲसिडिटीची सुद्धा. ती ‘औषध’ म्हणून सांगायची अनेकांना सुचतच नाही.

उलट बाजूने, प्रोलॅक्टिन बनवणाऱ्या पिट्यूटरीच्या गाठींवर कॅबरगोलिन देतात. ते डोपामिनची नक्कल करतं, आठवड्यातून एक-दोनदा घेतलं तरी पुरतं. ठोके थांबतात, पेशी हार्मोन बनवणं कमी करते, आणि पुष्कळदा गाठच आक्रसते. मेंदूच्या तळाशी असलेली गाठ शस्त्रक्रियेशिवाय गोळीने लहान होते, हे मला आजही थोडं अद्भुत वाटतं.

वाढीच्या हार्मोनच्या पेशीत ‘सोड’ आणि ‘थांब’ हे दोन्ही संदेश आळीपाळीने येतात. थांब सांगणाऱ्याचं नाव सोमॅटोस्टॅटिन, आणि त्याची नक्कल असलेलं ऑक्ट्रिओटाइड ॲक्रोमेगलीत, म्हणजे हातपाय आणि जबडा वाढत जाणाऱ्या आजारात वापरतात. या आजाराच्या बऱ्याच गाठींत जी-प्रथिनच एका बिघाडामुळे चालू अवस्थेत अडकलेलं सापडतं. रिसेप्टरवर कुणीही नसताना आतला माणूस दारं फोडत राहतो.

कॅल्शियमच्या गोळ्या घेतल्या तर?

हा प्रश्न हमखास येतो. पेशीच्या या ठोक्यांवर गोळ्यांचा परिणाम होत नाही. रक्तातलं कॅल्शियम शरीर अरुंद पट्ट्यात सांभाळतं, आणि पेशीच्या बाहेर तसंही आतल्यापेक्षा दहा हजार पट कॅल्शियम असतं. धरणात दोन घागरी जास्त ओतल्या म्हणून शेताला लवकर पाणी मिळत नाही. दार कधी उघडतं ते महत्त्वाचं. गोळ्या हाडांसाठी असतात, त्या त्यासाठीच घ्याव्यात.

आणि रक्तदाबाच्या गोळ्या?

हा त्याहून चांगला प्रश्न आहे. अमलोडिपीन कॅल्शियमची दारं अडवतं, आणि पिट्यूटरीतही त्याच घराण्यातली दारं आहेत. पण नेहमीच्या मात्रेत या गोळ्यांचा जोर रक्तवाहिन्यांच्या स्नायूंवर असतो. व्हेरापामिल मात्र काही जणांत प्रोलॅक्टिनवर परिणाम करतं, आणि तोही उलटा: प्रोलॅक्टिन वाढतं. कॅल्शियम अडवलं तर ते कमी व्हायला हवं होतं ना? समजूत अशी आहे की व्हेरापामिल वरच्या मजल्यावर डोपामिन सोडणाऱ्या चेतापेशींची दारं अडवतं. पाटकरीच आला नाही, मग खालच्या शेतात पाणी मोकळं.

हे सगळं उंदरांवरचं. माणसांचं काय?

पेशीतल्या विजेच्या आणि कॅल्शियमच्या नोंदी बहुतांश उंदीर-घुशींच्या पेशींतून आल्या आहेत, हे खरं. माणसाची निरोगी पिट्यूटरी अभ्यासाला मिळत नाही. आणि सुट्या केलेल्या पेशी म्हणजे ग्रंथी नव्हे. आत पेशी एकमेकींना जोडलेल्या असतात. फ्रान्समधल्या मोंपेलिए इथे पॅट्रिस मोलार यांच्या गटाने उंदरांत दाखवलं की प्रोलॅक्टिनच्या पेशींचं जाळं बाळंतपणानंतर घट्ट होतं, दूध तुटल्यावरही तसंच राहतं, आणि पुढच्या खेपेला जास्त काम देतं. ग्रंथीला पहिल्या बाळाची आठवण राहते, असं म्हणायला हरकत नाही. निदान उंदरात तरी.

पण पाळीचं तत्त्व माणसात पडताळून झालेलं आहे, आणि तेही रोजच्या उपचारांत. काही स्त्रियांच्या हायपोथॅलॅमसमधून जीएनआरएच येतच नाही, त्यामुळे पाळी येत नाही. त्यांना एक छोटा पंप लावता येतो. तो अंगावर बांधलेला असतो आणि साधारण दीड तासाने जीएनआरएचचा एक बारीक झोत सोडतो, रात्रीसुद्धा. काही आठवड्यांत अंडं तयार होतं, आणि त्यातल्या अनेकींना दिवस जातात. त्याच दवाखान्याच्या बाकावर शेजारी ती सात वर्षांची मुलगी आईच्या हाताला धरून बसलेली असू शकते, महिन्याच्या इंजेक्शनसाठी. मोठीला तो संदेश मधे उसंत ठेवून मिळतो आणि तिची पाळी सुरू होते. लहानगीला तोच संदेश अखंड मिळतो आणि तिची पाळी काही वर्षं पुढे जाते.